लीड ऑडिटरचा कोर्स झाला, पण नोंदणी अडली? सोलापुरातून व्यवस्थापन प्रणाली ऑडिटर होण्याच्या पायऱ्या, नेमक्या क्रमाने

चिंचोळी एमआयडीसीत, अक्कलकोट रस्त्यावर, होटगी रस्त्यावर क्वालिटी विभागात काम करणारी बरीच मंडळी पुण्याला जाऊन पाच दिवसांचा लीड ऑडिटर (ऑडिट टीमचा प्रमुख) कोर्स करून येतात. ऑडिटरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदणीचा अर्ज भरायला बसल्यावर मात्र अडकतात. अनुभवपत्रात कामाचा तपशील नसतो, केलेल्या ऑडिटची नोंद नसते, ज्यांच्या हाताखाली ऑडिट केलं त्यांची सही नसते. तोवर कोर्सच्या प्रमाणपत्राची मुदत सरत आलेली असते.

चूक क्रमाची आहे. कोर्स ही मधली पायरी आहे. तिच्याआधी कागदपत्रं आणि ऑडिटचे दिवस मिळवण्याची सोय हवी, आणि तिच्यानंतर नोंदवही. पुढचा सगळा लेख या क्रमाने लिहिला आहे. उदाहरणं मुख्यतः आयएसओ ९००१ (गुणवत्ता) ची आहेत, पण १४००१ (पर्यावरण) आणि ४५००१ (कामाच्या जागी सुरक्षा व आरोग्य) लाही रीत हीच.

## १. आधी ठरवा: कोणत्या प्रकारचं ऑडिट करायचं आहे

स्वतःच्याच कारखान्यात अंतर्गत ऑडिट करायचं असेल तर लीड ऑडिटर कोर्सची गरज नाही. दोन दिवसांचा इंटर्नल ऑडिटर कोर्स पुरतो, पैसेही वाचतात. कंपनीच्या वतीने सुताच्या, रंगाच्या किंवा कास्टिंगच्या पुरवठादारांचं ऑडिट करायचं असेल तर लीड ऑडिटर कोर्स उपयोगी पडतो, पण नोंदणी ऐच्छिक आहे. प्रमाणन संस्थेसाठी, म्हणजे कारखान्याला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेसाठी त्रयस्थ ऑडिट करायचं असेल, तरच इथल्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

नोंदणी म्हणजे परवाना नव्हे. प्रमाणन संस्थांना लागू असलेलं आयएसओ/आयईसी १७०२१-१ हे मानक ऑडिटरची क्षमता सिद्ध करायला सांगतं. अमुक यादीत नाव असलंच पाहिजे असं सांगत नाही. म्हणून ज्या संस्थेसाठी काम करायचं मनात आहे तिला आधीच विचारा: कोणती नोंदणी चालते, की नोंदणीशिवायही घेता? या एका फोनने कित्येकांचा वर्षभराचा खर्च वाचला असता.

सावधान: वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतले लोक आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगासाठीचं गुणवत्ता मानक) चा कोर्स करून आपण त्रयस्थ ऑडिटर झालो असं समजतात. तिथे स्वतःहून अर्ज करताच येत नाही. आयएटीएफने मान्य केलेल्या प्रमाणन संस्थेनेच तुमचं नाव पुढे करावं लागतं. कोर्सचा उपयोग पुरवठादार ऑडिटसाठी होतो, तेवढाच धरा.

## २. नोंदणी कुठे आणि कोणत्या श्रेणीत

स्वतः आयएसओ ही संघटना कोणाही ऑडिटरची नोंदणी करत नाही आणि कोणत्याही कोर्सला मान्यता देत नाही. ‘आयएसओ मान्यताप्राप्त लीड ऑडिटर’ असं छापलेलं पत्रक दिसलं तर तिथेच थांबा.

भारतात सर्वांत जास्त दिसणाऱ्या नोंदी दोन: ब्रिटनमधली सीक्यूआय-आयआरसीए आणि एक्झेम्प्लार ग्लोबल. सीक्यूआय-आयआरसीएमध्ये असोसिएट ऑडिटर, ऑडिटर, लीड ऑडिटर, प्रिन्सिपल ऑडिटर अशा श्रेणी आहेत. कोर्स पास झालेला पण ऑडिटचा अनुभव नसलेला माणूस असोसिएट म्हणूनच आत जाऊ शकतो. त्यात कमीपणा नाही, पण ‘लीड ऑडिटर’ हे कोर्सचं नाव आणि ‘लीड ऑडिटर’ ही नोंदणीची श्रेणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मनात पक्कं असू द्या.

एक्झेम्प्लार ग्लोबलमध्ये क्षमतेचे घटक असतात: ऑडिट करण्यासाठी एयू, ऑडिट टीमचं नेतृत्व करण्यासाठी टीएल, गुणवत्ता व्यवस्थापनासाठी क्यूएम. प्रमाणपत्रावर एयू आणि क्यूएम आहेत पण टीएल नाही, असं असेल तर पुढे लीड ऑडिटरची श्रेणी मागताना अडचण येते. पैसे भरण्याआधी कोर्समध्ये कोणते घटक आहेत ते लेखी मागा.

आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं एनएबीसीबी हे मंडळ संस्थांना मान्यता देतं, व्यक्तीची थेट ऑडिटर म्हणून नोंदणी करत नाही. जाहिरातीत त्याचं नाव आलं तर ती मान्यता कोणाला आणि कशासाठी आहे, हे मंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा.

## ३. कागदपत्रं: सर्वांत जास्त अर्ज इथेच अडतात

नाव. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. पीएफच्या नोंदीत मधलं नाव गायब. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत पदवी एका नावाने आणि अनुभवपत्र दुसऱ्या. परदेशातल्या पडताळणीत ही दोन वेगळी माणसं वाटतात. कोर्सचा फॉर्म भरतानाच पासपोर्टवर आहे तसंच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा, कारण प्रमाणपत्र त्याच नावाने छापून येतं. बाकी फरकांसाठी राजपत्रातली नोंद, विवाह नोंदणी दाखला किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

अनुभवाची वर्षं. ऑडिट कसं करावं हे सांगणाऱ्या आयएसओ १९०११ या मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत एक तक्ता होता: एकूण ५ वर्षं नोकरी, त्यातली किमान २ वर्षं गुणवत्तेच्या कामात, ४० तासांचं ऑडिट प्रशिक्षण. बारावीनंतरचं योग्य शिक्षण असेल तर एक वर्ष कमी. २०११ च्या आवृत्तीपासून हे आकडे मानकातून निघाले, पण नोंदणी संस्थांच्या अटींवर त्यांची छाप राहिली. तयारीसाठी हे आकडे धरा, आणि अर्जाच्या दिवशी त्या संस्थेचं चालू पत्रक वाचून खात्री करा.

अनुभवपत्र. ‘सदर इसम आमच्याकडे प्रॉडक्शन सुपरवायझर म्हणून काम करत होता, वर्तणूक चांगली’ या पत्राचा इथे काडीचा उपयोग नाही. प्रमाणन संस्था तुम्हाला उद्योगाच्या कोडनुसार पात्र ठरवते. कोड ३९ आहेत: वस्त्रोद्योग ४, खाद्यपदार्थ ३, सिमेंट व काँक्रीट १६, धातू व धातूच्या वस्तू १७, यंत्रसामग्री १८, वीजपुरवठा २५. पत्रातून तुम्हाला त्या उद्योगातली प्रक्रिया माहीत आहे हे दिसलं, तरच कोड मिळतो.

टॉवेल-चादरीच्या कारखान्यातल्या माणसाचं पत्र साधारण असं हवं: आवक सुताची तपासणी (काउंट, मजबुती, पीळ), वार्पिंग आणि सायझिंगच्या नोंदी, लूमशेडमधल्या दोषांची नोंद आणि वर्गवारी, रंगाई-धुलाईनंतर रंगाचा पक्केपणा, जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचं वजन), पाणी शोषण्याची चाचणी, अंतिम तपासणी, गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर मूळ कारण शोधणं. प्रत्येक कामापुढे कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन आणि कंपनीचा ईमेल. मसुदा तुम्हीच तयार करून न्या. मालकाला एवढं लिहायला वेळ नसतो, आणि खरं असेल तर सही करायला कोणी नाही म्हणत नाही.

सोलापुरात खरी अडचण छोट्या यंत्रमाग कारखान्यांत येते. हजेरी वहीवर काम, पगार रोखीने, लेटरहेडसुद्धा नाही. अशा वेळी पीएफ पासबुक, ईएसआयसीची नोंद, बँकेत जमा झालेला पगार, उद्यम नोंदणी असलेल्या मालकाचं सहीचं पत्र, असं जे मिळेल ते एकत्र जोडा. कारखाना बंद पडल्यावर यातलं काहीच मिळत नाही, म्हणून नोकरीत असतानाच मागून ठेवा.

तपासणी: पुढच्या पायरीआधी तुमच्या फाईलमध्ये पदवी किंवा पदविका, प्रत्येक नोकरीचं तपशीलवार पत्र, नावाच्या फरकाचा कागद आणि पासपोर्ट आहे ना? नसेल तर कोर्सची तारीख पुढे ढकला.

## ४. कोर्स निवडणं

पूर्ण लीड ऑडिटर कोर्स ५ दिवसांचा, सुमारे ४० तासांचा. एका मानकाचा कोर्स आधी झाला असेल तर दुसऱ्यासाठी छोटा कन्व्हर्जन कोर्स मिळतो. सगळा कोर्स पुन्हा करू नका.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. कोर्सचा नोंदणी क्रमांक काय आणि प्रशिक्षण देणारी संस्था नोंदणी संस्थेच्या यादीत आहे का (यादी स्वतः पाहा, पत्रकावर विसंबू नका). परीक्षेचं शुल्क फीमध्ये आहे का. नापास झाल्यास पुन्हा परीक्षा किती मुदतीत आणि किती पैशांत. आणि प्रमाणपत्र नोंदणीसाठी किती वर्षं चालतं.

परीक्षेत नापास झालेल्याला फक्त हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं. दिसायला दोन्ही सारखी असतात, पण हजेरीच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही.

पुण्यातला कोर्स घेतलात तर आदल्या रात्री मुक्कामाला जा. सकाळी सोलापुरातून निघणारी गाडी नऊच्या सत्राला पोहोचवत नाही, आणि या कोर्समध्ये पूर्ण हजेरी ही पास होण्याची अट असते. ऑनलाइन घेत असाल तर लोडशेडिंगचा विचार करून इन्व्हर्टर आणि मोबाईल डेटाची सोय ठेवा; कॅमेरा बंद झाला तर गैरहजेरी लागू शकते.

## ५. कोर्सआधीचे तीन आठवडे

कोर्समध्ये मानक शिकवत नाहीत, ऑडिट शिकवतात. मानक येतं असं गृहीत धरून पहिल्या दिवसापासून सुरुवात होते. भारतीय मानक ब्युरोने आयएस/आयएसओ ९००१ म्हणून स्वीकारलेली प्रत विकत घ्या. हवामान बदलाचा विचार करायला सांगणारी २०२४ ची दुरुस्तीही वाचा, ती ४.१ आणि ४.२ या कलमांत आली आहे.

पहिला आठवडा: ४ ते १० ही कलमं रोज एक, पेन्सिल हातात घेऊन. प्रत्येक वाक्य ‘शॅल’चं आहे की ‘शुड’चं, ते पाहत जा. ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक, आणि एनसी (नॉन-कन्फर्मिटी, म्हणजे मानकाची अट पाळली न गेल्याची नोंद) फक्त त्यावरच निघते.

दुसरा आठवडा: स्वतःच्या कारखान्यातली एक प्रक्रिया घ्या आणि तिच्यामागे चालत जा. समजा सूत खरेदी. पुरवठादाराची निवड आणि मूल्यमापन ८.४, आवक माल तपासून सोडणं ८.६, नापास लॉट वेगळा ठेवणं ८.७, तपासणाऱ्या माणसाची पात्रता ७.२, तपासणीच्या यंत्राचं कॅलिब्रेशन ७.१.५, जोखीम ६.१, पुरवठादाराच्या कामगिरीचं विश्लेषण ९.१.३. असा माग काढायची सवय लागली की कलमांचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. रटाळ पाठांतर करून गेलेल्यांची केस स्टडीत तारांबळ उडते.

तिसरा आठवडा: आयएसओ १९०११ मधली ऑडिटची तत्त्वं आणि १७०२१-१ मधलं प्रमाणन चक्र. स्टेज १ (कागदपत्रं आणि तयारी पाहणं), स्टेज २ (प्रत्यक्ष अंमलबजावणी तपासणं), दरवर्षीचं सर्व्हेलन्स (देखरेखीचं ऑडिट), तीन वर्षांनी पुनर्प्रमाणन.

इंग्रजीची भीती असेल तर मराठीत समजून घ्या, पण उत्तरं इंग्रजीत लिहायचा सराव रोज अर्धा तास करा. व्याकरणापेक्षा नेमकेपणा महत्त्वाचा.

## ६. पाच दिवस आणि परीक्षा

कोर्समध्ये दोन मूल्यमापनं असतात: प्रशिक्षक रोज करतो ते आणि परीक्षा. दोन्हींत पास व्हावं लागतं. गटचर्चेत गप्प बसणारा हुशार माणूस पहिल्यात अडकतो.

सर्वांत जास्त लोक अडखळतात ते एनसी लिहिण्यात. एनसीचे तीन भाग: मानकाची अपेक्षा काय, पुरावा काय सापडला, आणि उणीव नेमकी कोणती.

चुकीची एनसी: ‘कॅलिब्रेशन नीट नाही. वजनकाटा ताबडतोब तपासून घ्यावा.’ यात अपेक्षा नाही, पुरावा नाही, आणि उपाय सुचवला आहे. उपाय सांगणं ऑडिटरचं काम नाही.

बरोबर एनसी: ‘कलम ७.१.५.२ नुसार, मापनाचा माग आवश्यक असेल तिथे उपकरणं ठरलेल्या कालांतराने कॅलिब्रेट केलेली असली पाहिजेत. अंतिम तपासणी विभागातल्या जीएसएम काटा क्रमांक ३ वरची कॅलिब्रेशनची मुदत ३१ मार्चला संपली होती. १२ एप्रिलच्या लॉट नोंदीत याच काट्याची मापं आढळली. मुदत संपलेल्या उपकरणावर माल तपासून सोडला गेला.’

इथे एक काटा सापडला म्हणून लगेच मेजर लिहू नका. प्रणालीच्या अपेक्षित परिणामावर आच येत असेल तर मेजर, नाहीतर मायनर. सगळेच काटे मुदतबाह्य असते आणि कोणी बघतच नसतं, तर चित्र वेगळं.

आणखी दोन चुका नेहमीच्या. केस स्टडीत न दिलेली गोष्ट मनाने गृहीत धरून एनसी काढणं. पुरावा अपुरा असेल तर पुढे काय तपासाल ते लिहा, एनसी नको. आणि ‘तुम्ही नोंदी ठेवता ना?’ असे हो-नाहीचे प्रश्न. ‘नोंद कुठे करता, दाखवा’ असं विचारा.

## ७. ऑडिटचे दिवस आणि नोंदवही

२००२ च्या तक्त्यात ऑडिटर होण्यासाठी ४ पूर्ण ऑडिट आणि एकूण २० दिवस, लीड ऑडिटरच्या देखरेखीखाली, मागच्या तीन वर्षांत, असं होतं. हे गणित सोलापुरात कसं बसतं ते पाहू.

ऑडिटला किती दिवस द्यायचे याचे आकडे आयएएफच्या (प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या मंडळांची आंतरराष्ट्रीय संघटना) एमडी ५ या दस्तऐवजात आहेत. आयएसओ ९००१ च्या पहिल्या ऑडिटसाठी १६ ते २५ माणसांना ३ दिवस, २६ ते ४५ ना ४, ४६ ते ६५ ना ५. नियोजन आणि अहवालाचा वेळ यातच धरलेला असतो. इथले बरेच कारखाने पहिल्या गटातले. म्हणजे ४ ऑडिटमध्ये १२ दिवस होतात, २० नाही. अशी ७ ऑडिट लागतील. फक्त ऑडिटची संख्या मोजून अर्ज करणारे इथे फसतात.

दुसरी गफलत: हे दिवस टीमचे असतात. ५ दिवसांचं ऑडिट दोघांनी अडीच दिवसांत केलं, तर तुमच्या वहीत अडीच लिहायचे, पाच नाही. प्रवास धरायचा नाही; बार्शी किंवा पंढरपूरला जाण्या-येण्यात गेलेला वेळ ऑडिटचा वेळ नव्हे. नुसतं निरीक्षक म्हणून बसलेला दिवसही ऑडिटर म्हणून लिहू नका.

दिवस मिळवायचे कुठून? कंपनीच्या पुरवठादार ऑडिटमध्ये स्वतःहून पुढे व्हा. एकाहून जास्त प्लांट असतील तर दुसऱ्या प्लांटचं अंतर्गत ऑडिट घ्या. स्वतःच्या विभागाचं ऑडिट चालत नाही. प्रमाणन संस्थेकडे प्रशिक्षणार्थी ऑडिटर म्हणून अर्ज करा, आणि इथे एक गोष्ट ठळकपणे लिहा: लूमशेडमध्ये कामगारांशी तेलुगूत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या ऑडिटरला इथे दुभाष्या लागतो. सोलापूरच्या माणसाची ही खरीखुरी ताकद आहे आणि बहुतेक जण ती अर्जात लिहीतच नाहीत.

नोंदवहीत प्रत्येक ऑडिटसाठी हे रकाने ठेवा:

- तारखा, संस्थेचं नाव आणि पत्ता, माणसांची संख्या
- मानक आणि त्याची आवृत्ती, ऑडिटची व्याप्ती
- अंतर्गत, पुरवठादार की त्रयस्थ. स्टेज १-२, सर्व्हेलन्स की पुनर्प्रमाणन
- तुमची भूमिका, टीममध्ये किती जण
- जागेवरचे दिवस आणि जागेबाहेरचे दिवस, वेगवेगळे
- लीड ऑडिटरचं नाव, फोन, ईमेल, सही

सही समारोप बैठक झाल्यावर त्याच संध्याकाळी घ्या. दोन वर्षांनी तोच लीड ऑडिटर दुसऱ्या संस्थेत गेलेला असतो आणि ईमेल बंद पडलेला. मात्र गिऱ्हाइकाची गुप्त कागदपत्रं पुरावा म्हणून घरी आणू नका. ऑडिट प्लॅनचं पहिलं पान पुरतं, तेही परवानगीने.

सावधान: ज्या कारखान्याला तुम्ही प्रणाली उभी करून दिली, सल्लागार म्हणून पैसे घेतले, त्याचं त्रयस्थ ऑडिट पुढची किमान दोन वर्षं करता येत नाही. सोलापूरसारख्या शहरात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून सल्लागारीची वेगळी यादी ठेवा आणि प्रमाणन संस्थेला ती आपणहून द्या.

## ८. अर्ज

सगळं स्कॅन रंगीत आणि वाचता येईल असं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत. शुल्क परकीय चलनात असतं, त्यामुळे कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेत सुरू करून घ्या. अर्ज भरून झाला आणि पैसे गेले नाहीत, हा प्रकार फार होतो. पहिल्या वर्षाबरोबर पुढच्या वार्षिक शुल्काचाही हिशेब करा.

पडताळणी करणारे तुमच्या वहीतल्या लीड ऑडिटरना आणि जुन्या साहेबांना ईमेल करू शकतात. त्यांना आधी कळवा. उत्तर न आल्यामुळे चांगले अर्ज लटकतात.

आचारसंहितेवर सही करताना ती वाचा. श्रेणी मिळण्याआधी व्हिजिटिंग कार्डावर ती छापणं हा तिचा भंग आहे.

## ९. नोंदणी टिकवणं आणि वर जाणं

ठरलेल्या मुदतीने ऑडिटची नोंद आणि सतत शिक्षणाची नोंद द्यावी लागते. वाचन, सेमिनार, नवी प्रक्रिया शिकणं चालतं, पण प्रत्येकापुढे काय शिकलात आणि ऑडिटमध्ये कुठे वापरलं हे एक-दोन ओळींत लिहा. नुसती हजेरीची प्रमाणपत्रं जोडलेली नोंद परत येते.

मानकाची नवी आवृत्ती आली की ठरलेल्या मुदतीत तिचं प्रशिक्षण घेऊन पुरावा द्यायचा असतो. मुदत चुकली तर त्या मानकासाठीची पात्रता थांबते.

ऑडिटरवरून लीड ऑडिटर होण्यासाठी जुन्या तक्त्यात आणखी ३ पूर्ण ऑडिट, १५ दिवस, तेही टीमचं नेतृत्व करत आणि अनुभवी लीड ऑडिटरच्या देखरेखीखाली, मागच्या दोन वर्षांतले. प्रशिक्षणार्थी म्हणून केलेले आधीचे दिवस यात मोजत नाहीत. म्हणून ऑडिटर श्रेणी मिळाल्याच्या दिवसापासून वहीत नवं पान सुरू करा. ज्या ऑडिटमध्ये प्लॅन तुम्ही केला, उद्घाटन आणि समारोप बैठक तुम्ही चालवली आणि अहवाल तुम्ही लिहिला, तेवढीच त्या पानावर घ्या.